शुद्ध, अशुद्ध, शंका

सांगलीजवळच्या कुपवाडच्या त्या खोलीत आमचं काम फक्त ऐकायचं होतं.

एका बाजूला फाउंड्री, दुसऱ्या बाजूला प्लास्टिकच्या बादल्या करणारा कारखाना, आणि मधल्या दुमजली इमारतीच्या वरच्या मजल्यावर आम्ही बारा जणी कानाला हेडफोन लावून बसायचो. शिफ्ट सुटली की खाली दुचाक्यांची झुंबड उडायची. हॉर्न, शिट्ट्या, चहावाल्याला मारलेल्या हाका असं सगळं असायचं, पण आमच्यापर्यंत त्यातलं काही पोचत नसे. आमच्या कानात त्या वेळी कुठल्या तरी गावची बाई बोलत असे.

कंपनी आपल्याकडची होती, भांडवल परदेशातलं. काम असं होतं: शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्या बायकांसाठी फोनवर एक सेवा सुरू व्हायची होती. बाईनं फोनशी बोलायचं, जनावराला काय होतंय ते सांगायचं. फोननं ते समजून घ्यायचं आणि जवळच्या डॉक्टरला लिहून पाठवायचं. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईलाही ते वापरता यावं, हाच त्याचा हेतू होता. आमच्या खोलीच्या भिंतीवर मोठा फलक होता, त्यावर 'सर्वसमावेशक विकास' असं लिहिलेलं होतं आणि खाली डोक्यावर पाटी घेतलेल्या एका हसऱ्या बाईचं चित्र होतं. मला तो फलक मनापासून आवडायचा. परदेशात कुठे तरी बसलेल्या माणसांनी आमच्या माण-आटपाडीच्या बायकांचा विचार करावा, याचं मला अप्रूप वाटायचं. आजही वाटतं.

यंत्राला माणसाचं बोलणं आपोआप कळत नाही. त्याला हजारो आवाज ऐकवावे लागतात. त्यासाठी गावोगावी अंगणवाडीत शिबिरं घेतली होती. बायकांना एकेक चित्र दाखवायचं, त्यांनी त्याविषयी बोलायचं, ते फोनवर टिपून घ्यायचं. बोलण्याचे ते लहान लहान तुकडे आमच्याकडे येत. आम्ही एक क्लिप ऐकायची आणि पडद्यावरच्या तीन बटणांपैकी एक दाबायचं. बटणांची नावं होती शुद्ध, अशुद्ध आणि शंका. 'शुद्ध' असलेली क्लिप यंत्राच्या शिक्षणात जायची, 'अशुद्ध' बाद व्हायची, 'शंका' सरांकडे जायची.

आमचे सर म्हणजे केंद्राचे प्रमुख. मूळचे सांगलीचेच, इंजिनिअर. मला नोकरी त्यांनी दिली. माझ्याकडे मराठीची पदवी होती, पण संगणकाचा कुठलाही कोर्स नव्हता. मुलाखतीत त्यांनी विचारलं, "टायपिंग येतं?" मी म्हणाले, "शिकेन." ते हसले आणि म्हणाले, "बरं, शिका." आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलेलं नव्हतं. वडील मुंबईला माथाडी कामगार, आई गावी शेळ्या सांभाळते. त्या 'शिका'चे उपकार मी विसरले नाही, आणि पुढे जे झालं ते मला म्हणूनच इतकं जड गेलं.

पहिल्या दिवशी सरांनी आम्हाला एक छापील कागद दिला. परदेशातून आलेल्या सूचनांचं मराठी. सरांनी स्वतः बसून केलेलं. त्यात लिहिलं होतं, 'आवाज शुद्ध असेल तरच स्वीकारावा. अशुद्ध असल्यास बाद करावा.'

मागे फारच गोंगाट असेल तर काय करायचं, एवढं एकीनं विचारलं. सर घाईत होते. म्हणाले, "शंका दाबा." शुद्ध म्हणजे काय, हे विचारायची आम्हाला गरजच वाटली नाही. ते आम्ही सगळ्या जणी तिसरीपासून शिकत आलो होतो.

आमच्या शाळेतल्या बाई साताऱ्याच्या होत्या. माणसारख्या कोरड्या तालुक्यात बदली झाली म्हणून त्यांनी कधी तोंड वाकडं केलं नाही. एसटीच्या स्टॉपपासून तळपत्या उन्हात चालत येत. त्यांनी मला स्वतःचा शब्दकोश दिला, परीक्षेचे फॉर्म भरून दिले, आणि दहावीनंतर वडिलांना मुंबईला फोन करून सांगितलं की हिला कॉलेजला घाला. त्या नसत्या तर मी आज हे लिहीत नसते.

त्यांना आमच्या बोलण्यातला 'हाय' खपत नसे. कुणी "बाई, माझ्याकडं पेन हाय" म्हटलं की बाई हात उंचावून इंग्रजी पद्धतीनं म्हणायच्या, "हॅलो!" सगळा वर्ग हसायचा. ज्याला हसले तो लाजून म्हणायचा, "आहे, बाई, आहे." मला एकदाच हॅलो म्हटलं होतं. त्यानंतर मी शाळेत पुन्हा कधी 'हाय' म्हणाले नाही. घरी मात्र म्हणत राहिले. उंबऱ्याच्या आत एक बोली आणि बाहेर एक, अशी माझी सवय झाली, आणि ही सवय म्हणजेच शिक्षण असं मला वाटू लागलं.

तेव्हा कुपवाडच्या खोलीत हेडफोनमधून "आमी", "न्हाई", "कवा" आलं की माझं बोट आपोआप 'अशुद्ध'वर जायचं. सगळ्यांचंच जायचं. आम्ही ते काम फार मन लावून केलं. एखाद्या बाईनं सगळं वाक्य नीट म्हटलं आणि शेवटी 'हाय' आला, तर मला खरोखर वाईट वाटायचं, कारण एका शब्दानं ती बाद झाली होती.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर आटपाडीची एक मुलगी होती. तिच्या वडिलांचं तिथं बांगड्यांचं दुकान. ती आमच्यात सगळ्यात शेवटी कामाला लागली होती, आणि 'अशुद्ध' दाबताना प्रत्येक वेळी तोंडानं "माफ करा, मावशी" म्हणायची. एकदा जेवताना म्हणाली, "आमच्या अब्बूंची क्लिप आली तर काय करायचं गं? निम्मं हिंदी, निम्मं मराठी, आणि मध्येच गिऱ्हाइकाला हाक."

"बाद करायची," मी म्हणाले.

"तू लय निर्दयी हायस."

"हॅलो!" मी म्हणाले, आणि आम्ही दोघी हसलो.

त्याच आठवड्यात माझ्या कानात आई आली.

क्लिपला नाव नसतं, फक्त आकडा असतो. पण पहिल्या श्वासालाच मला कळलं. बोलण्याआधी आई घसा खाकरते आणि पदर तोंडावरून फिरवते, तो पदराचा आवाजसुद्धा क्लिपमध्ये होता. चित्र शेळीची धार काढणाऱ्या बाईचं असावं. आई म्हणत होती, "ह्यी शेळी हाय. लय गुणाची दिसतीया. पन तिची कास सुजल्याली हाय बगा, दगडी झाली आसंल. आमच्या शेळीलाबी मागं झालती. मग कोंबट पाण्यानं शेकायचं आन् डाक्टर कवा येतूय त्येची वाट बगायची." मग जरा थांबून, शिबिरातल्या मुलीला उद्देशून: "झालं का गं? आनी बोलू?"

मी ती क्लिप तीनदा ऐकली. मागे काही आवाज नव्हता. कुत्रं नाही, पोर नाही. शेळीची कास सुजून घट्ट होते त्या आजाराला आमच्याकडे दगडी म्हणतात, तो तिनं नुसत्या चित्रावरून ओळखला होता.

मी 'अशुद्ध' दाबलं.

तेव्हा मी स्वतःला सांगितलं की दुसऱ्यांच्या आयांना बाद करणाऱ्या मुलीनं आपल्या आईला सोडणं बरोबर नाही. हे कारण मला चांगलं वाटलं. पण ते खरं कारण नव्हतं. मला 'शंका' दाबता आलं असतं. ओळखीचा आवाज आला की शंका दाबायची, असं ठरलेलंच होतं. मात्र शंका दाबली असती तर ती क्लिप सरांनी ऐकली असती, आणि ही माझी आई आहे हे मला त्यांना सांगावं लागलं असतं.

शेजारची म्हणाली, "काय गं, डोळ्यांत काय गेलं?"

"एसी लागतोय," मी म्हणाले.

काही महिन्यांनी सेवा सुरू झाली. आधी चाचणी म्हणून थोड्याच तालुक्यांत. आमचाही त्यात होता. एका रविवारी मी सांगलीहून विटा, मायणी करत गावी पोचले, तर आई गोठ्यात गुडघ्यावर बसली होती. आमच्या काळ्या शेळीची कास लाल झाली होती, हात लावला तर गरम आणि घट्ट. तीन दिवस झाले होते.

"डॉक्टरांना कळवलं का?" मी विचारलं.

"कळवलं की. अंगनवाडीवालीनं घालून दिलंय न्हवं त्ये फोनात. रोज बोलती मी त्येला. त्यो आयकंतच न्हाई."

मी म्हणाले, "बोल बघू माझ्यासमोर."

आईनं हात पुसले, फोन तोंडाजवळ धरला आणि मोठ्यानं म्हणाली, "माजी शेळी आजारी हाय."

फोनमधली बाई गोड आवाजात म्हणाली, "नमस्कार! मी आपली काय मदत करू?"

"आगं, शेळी आजारी हाय म्हनती मी!"

"नमस्कार! मी आपली काय मदत करू?"

आईनं माझ्याकडे बघितलं. "बगितलंस? ह्येला किती येळा रामराम घालायचा? हितं शेळी मरायला लागलीया, आन् ह्ये सोयरीक जमवाय आल्यागत नुस्तं नमस्कार नमस्कार."

मला हसू आलं, आणि लगेच सगळं लक्षात आलं. यंत्र तिच्या 'हाय'ला इंग्रजीतलं अभिवादन समजत होतं. बाईंचा तो विनोद यंत्रानं कुणीही न शिकवता उचलला होता. खरं तर न शिकवल्यामुळेच उचलला होता. त्याला दुसरा 'हाय' आम्ही कधी ऐकूच दिला नव्हता.

मी फोन घेतला आणि शाळेत बोलायचे तसं बोलले, "माझ्या शेळीच्या कासेला सूज आली आहे. कास घट्ट आणि गरम आहे." फोननं लगेच ते लिहून दाखवलं, गावाचं नाव विचारलं, आणि डॉक्टर उद्या सकाळी येतील असं सांगितलं. ते आलेही. इंजेक्शन दिलं, मलम दिलं. शेळी वाचली, पण कासेचा एक सड कायमचा आटला. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस आधी कळलं असतं तर तोही वाचला असता.

आईला मात्र त्या संध्याकाळी वेगळाच आनंद झाला होता. शेजारणीला सांगत होती, "माज्या लेकीचं आयकलं बगा त्येनं. एका झटक्यात. शिकल्याली हाय न्हवं."

जेवताना ती मध्येच थांबली. म्हणाली, "तुला एक इचारायचं व्हतं. अशुद्ध म्हंजी काय गं?"

"का?"

"त्या शिबिरात मी बोलून आलते. मग फोनवर आलं, अंगनवाडीवालीनं वाचून दाखवलं. तुमचा आवाज अशुद्ध हाय म्हनून घेतला न्हाई." ती ताटाकडे बघत होती. "मी आंगूळ करूनच गेलते गं. धुतल्यालं लुगडं नेसून. कुनाचा इटाळ न्हाई, काय न्हाई. मग अशुद्ध कसं?"

मी म्हणाले, "मशीनला तसं वाटलं असेल." हे मी खोटं बोलले.

सांगलीला परत येताना एसटीत मी तो एकच शब्द घोळवत होते. बाईंचा शुद्ध वेगळा होता, आईचा वेगळा. आणि ज्यांनी मूळ सूचना लिहिल्या, त्यांचा कुठला? त्यांना तर ना आमचं व्याकरण माहीत, ना आमचा विटाळ.

मंगळवारी मी सरांना मूळ इंग्रजी कागद मागितला. त्यांनी संगणकावर उघडून दिला. तिथं शब्द होता 'क्लीन'. पुढे कंसात दोन ओळी होत्या, ज्या आमच्या कागदावर आल्याच नव्हत्या: मागे वाऱ्याचा, गाडीचा, जनावरांचा आवाज नसावा. बस. बोलणं कसं असावं याविषयी एक अक्षर नव्हतं. उलट शेवटी लिहिलं होतं की लोक घरी बोलतात तसंच बोलणं हवं आहे.

त्यांना स्वच्छ आवाज हवा होता. कागदावर तो शुद्ध झाला, आणि आम्ही बारा शिकलेल्या मुलींनी त्या शब्दाला धरून आपापली गावं बाद केली. हवं होतं तेच फेकलं.

मी सरांना दाखवलं. त्यांनी त्या दोन ओळी परत वाचल्या. मग म्हणाले, "शुद्ध हवा म्हणतोच की आपण. शुद्ध पाणी म्हणतो. मला तेच म्हणायचं होतं."

"हो सर. पण आम्हाला ते वाटलं नाही."

"पुढच्या आठवड्यात पाहुण्या येणार आहेत. गुंतवणूकदारांकडून. केंद्र चालू ठेवायचं की नाही, त्यावर ठरणार आहे. त्या जाऊ देत, मग आपण शांतपणे दुरुस्त करू."

"पण सर, तोपर्यंत..."

"मग करू म्हटलं ना." त्यांचा आवाज चढला नव्हता. तो थकलेला होता.

शेजारचीला मी सगळं सांगितलं. तिनं डबा बंद केला. "गप बस. तुला सत्याची हौस आहे ते ठीक, पण इथं बारा जणी बसतात. मला घरून सांगलीला यायला मिळावं म्हणून मी वर्षभर भांडले आहे. हे बंद पडलं तर मी परत दुकानात बांगड्या भरायला. तुझ्या आईची शेळी वाचली ना?"

"एक सड गेला."

"तेच म्हणते मी. एकच गेला."

ती निर्दयी नव्हती. आमच्यात तिच्याइतकी मऊ कुणी नव्हती. आणि ती म्हणत होती ते खरं होतं.

पाहुण्या आल्या तेव्हा आम्ही सगळ्या नव्या ड्रेसमध्ये होतो. पाहुण्या म्हणजे साठीच्या, उंच, साध्या सुती कपड्यांतल्या एक परदेशी बाई. त्यांनी प्रत्येकीशी हात मिळवला, फलकासमोर उभं राहून आमच्याबरोबर फोटो काढला, आलेपाक खाऊन डोळ्यांत पाणी आलं तर स्वतःच हसल्या. त्यांना मराठी येत नव्हतं, म्हणून सर मध्ये उभे राहून इकडचं बोलणं तिकडे सांगत होते. थोड्या वेळानं त्यांनी एक नकाशा काढला आणि विचारलं की पूर्वेकडच्या, कमी पावसाच्या तालुक्यांतले आवाज इतके का बाद झाले? सेवा तिथंच का चालत नाही?

सर म्हणाले, त्या भागातून आलेल्या क्लिपचा दर्जा कमी होता.

त्यावर त्या बाई आमच्याकडे वळल्या. "तुम्ही ऐकलंय ते. तुम्हाला काय वाटतं?" सरांनी प्रश्न मराठीत सांगितला.

फाउंड्रीतला घण तेवढा ऐकू येत होता. शेजारचीनं टेबलाखालून माझा दुपट्टा ओढला.

मला भाषण करायचं नव्हतं. मला आईचं ताट आठवलं आणि मी उभी राहिले. मराठीतच बोलले. म्हणाले, "आवाज स्वच्छ होते. आम्ही भाषा तपासली. आम्हाला शाळेत जे चुकीचं म्हणून शिकवलं, ते आम्ही बाद केलं. त्यात माझी आईसुद्धा होती. ती मी ओळखून बाद केली. शुद्ध या शब्दानं घोटाळा झाला, पण बटण आम्ही दाबलं."

एवढं बोलून मी थांबले आणि सरांकडे बघितलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आता पुढचं सगळं त्यांच्या हातात आहे. त्या बाईंना माझं एक अक्षर कळलेलं नव्हतं. सर म्हणू शकले असते की ही सांगतेय, रेंज खराब आहे.

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग इंग्रजीत बोलायला लागले. मला समजेल इतकं इंग्रजी येतं. त्यांनी एकेक वाक्य, जसं मी म्हटलं तसंच सांगितलं. आईचंही सांगितलं. आणि शेवटी स्वतःचं एक वाक्य घातलं: "शब्द मी निवडला होता."

एकदा चुकलेलं भाषांतर त्या दिवशी त्यांनी बरोबर केलं. माझ्या मनात सरांविषयी जी कृतज्ञता आहे, तिच्यात नोकरीपेक्षा हा प्रसंग आता वर आहे.

सगळं चांगलं झालं असं नाही. बाद क्लिप पुन्हा ऐकू, असं ठरलं, तर कळलं की लोकांची खासगी माहिती राहू नये म्हणून बाद झालेला आवाज ठरावीक मुदतीनंतर पुसला जातो. तो नियम चांगलाच होता. त्यामुळे शेवटच्या काही आठवड्यांतलं तेवढं उरलं होतं. आईची क्लिप गेली होती. केंद्र बंद झालं नाही, पण पुन्हा गावोगावी जाऊन आवाज गोळा करायचे ठरले आणि ऐकण्याचं काम तोवर कमी झालं. शेवटी लागलेल्या पाच जणींना थांबवलं. शेजारची त्यांत होती.

जाताना तिनं हेडफोनची वायर नीट गुंडाळून ठेवली. मला म्हणाली, "माफ करा, मावशी," आणि गेली. तिला तेव्हा काय म्हणायचं होतं, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. नंतर महिनाभर तिनं माझा फोन उचलला नाही. मग एक दिवस तिच्या अब्बूंच्या आवाजातली एक क्लिप मला आली. निम्मं हिंदी, निम्मं मराठी, मध्ये गिऱ्हाइकाला हाक. खाली तिनं एकही अक्षर लिहिलं नव्हतं. मी ती जपून ठेवली आहे.

नव्यानं आवाज गोळा करायला ज्यांना पाठवलं त्यांत मी होते. माझ्या वाट्याला माझंच गाव आलं.

आई अंगणवाडीत यायला तयार नव्हती. "एकदा न्हाई म्हनलंय न्हवं त्येंनी. आता कशाला परत तोंड दावायचं?" म्हणून मी घरीच गोठ्यासमोर बसले आणि फोन पुढे केला. चित्र तेच होतं. शेळी आणि धार काढणारी बाई.

आईनं घसा खाकरला, पदर फिरवला, पाठ ताठ केली, आणि शाळेतल्या पोरीसारखी बोलायला लागली: "ही... शेळी... आहे. ती खूप... चांगली आहे. तिची..." तिथं ती अडली. कास हा शब्द शुद्ध आहे की अशुद्ध, ते तिला ठरवता येईना. कपाळावर घाम आला होता. फोनवर माझं बोलणं ऐकल्यापासून तिनं इतके दिवस एकटीनं 'आहे'चा सराव केला होता.

मी फोन खाली ठेवला. "आई, असं नको. तू बोलतेस तसं बोल."

"त्ये अशुद्ध हाय म्हनं."

"ते मशीननं ठरवलं नव्हतं. तुझा आवाज माझ्याकडे आला होता. मी ओळखला. आणि मीच ते बटण दाबलं."

आई शेळीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, आटलेल्या सडाच्या बाजूला. मग म्हणाली, "मग तुज्या बाईंनी शिकवल्यालं खोटं व्हतं व्हय?"

"खोटं नव्हतं. त्यांनी मला बाहेर बोलायला शिकवलं. घरातलं खोडायला मी शिकले."

"लाज वाटली आसंल," ती म्हणाली. तिनं ते विचारलं नाही, नुसतं सांगितलं. "मलाबी वाटायची. तुज्या कॉलेजात आलते तवा मी तोंडच उघडलं न्हाई. तुला आठवतंय का?"

मला आठवत होतं. तेव्हा मला वाटलं होतं, आई दमली असेल.

"लाव त्यो फोन," ती म्हणाली.

मी लावला. तिनं चित्र बाजूला सारलं आणि समोरच्या शेळीकडे बघत बोलायला सुरुवात केली. मध्येच शेळीनं तिचा पदर तोंडात धरून ओढला आणि जोरात ओरडली. "आगं सोड की, बया! तुजंच सांगाय लागलीया!"

मी थांबवलं. आता नियम नीट लिहिलेला होता, आणि त्या नियमाप्रमाणे ही क्लिप खरोखरच घेता येत नव्हती. "आई, परत बोलावं लागेल."

"का? आता काय चुकलं?"

"तुझं काही नाही. मध्ये शेळी बोलली."

आई हसायला लागली. पोट धरून हसली. "मग तिचंबी घ्या की. दुखलं तर तिलाच व्हतं."

तिनं शेळी मागच्या परड्यात नेऊन बांधली, दार ओढलं आणि परत येऊन बसली. आता तिची पाठ ताठ नव्हती. "ह्यी आमची काळी शेळी हाय," ती म्हणाली. "लय गुणाची हाय. पन एक सड गेलाय तिचा."

ऐकलेलं आता आम्हाला लिहूनही द्यावं लागतं, जसंच्या तसं. मी तिथंच बसून लिहिलं. 'हाय' टाइप केलं की फोनचा कीबोर्ड आपणहून ते खोडून 'आहे' करत होता. मी परत 'हाय' केलं. त्यानं परत बदललं. तिसऱ्यांदा मी शब्द लिहिला आणि तो टिकेपर्यंत बोट तिथंच धरून ठेवलं.